पक्षाची तिथी आणि पेन्शनची पावती

"आमचे पूर्वज झाशीच्या राणीच्या फौजेत होते." हे वाक्य मी पुण्यात ऐकले आहे, नाशकात ऐकले आहे, इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत तर चहाच्या आधी ऐकले आहे. पुढची गोष्टही बहुतेक ठरलेली असते. ते तोफखान्यावर होते, किल्ला पडला तेव्हा राणीसाहेबांबरोबर बाहेर पडले, काल्पीपर्यंत गेले, मग कुठे गेले ते कळले नाही. त्यांचे नाव विचारले की सांगणारा जरा थांबतो. मूळ गाव विचारले की आणखी थांबतो. आणि कागद विचारला की आतल्या खोलीतून तलवार येते. तलवारीवर नाव नसते.

ज्यांना तलवारीवर समाधान मानता आले नाही, अशा लोकांनी आपापल्या घरातला शिपाई कसा शोधला, याच्या नोंदी या पुस्तकात आहेत. शोध कुणाचा पूर्ण झाला आहे, कुणाचा अर्ध्यावर थांबला आहे, आणि दोघातिघांना घरातल्या गोष्टीच्या अगदी उलटे काही सापडले आहे. संपादकांनी प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा 'वंशावळ कशी करावी' असे काही लिहायचे मी नाकारले. तशी पुस्तके आहेत. मला झाशीबद्दल लिहायचे होते, कारण मराठी माणसाने पूर्वज शोधायचा म्हटले की त्यातल्या सगळ्या अडचणी झाशीच्या एका तटाभोवती गोळा झालेल्या दिसतात.

आधी मराठी माणूस तिथे पोचला कसा ते पाहू. छत्रसालाने मदतीच्या बदल्यात बाजीरावाला आपल्या मुलखाचा तिसरा हिस्सा दिला, हे शाळेत सगळे शिकतात. पण मुलूख मिळाला म्हणजे वसुलीला माणसे लागतात, माणसांना शिबंदी लागते आणि शिबंदीला रोजमुरा. १७४२च्या सुमारास नारो शंकर तिकडे सुभेदार झाला. ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३मध्ये बांधलेला किल्ला त्याने वाढवला आणि खाली शहर वसवले. नाशकात गोदेकाठी ज्याच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा नारो शंकर. त्याच्याबरोबर दक्षिणेतली जी घरे गेली ती पहिला थर. दुसरा थर नेवाळकरांचा. मूळचे रत्नागिरी भागातल्या कोट गावचे, पुढे खानदेशात पारोळ्याला स्थिरावलेले हे घराणे. त्यातल्या रघुनाथ हरींना झाशीची सुभेदारी मिळाली आणि मग ती घराण्यातच राहिली. त्यांच्यामागून नातेवाईक, आश्रित, भिक्षुक, कारकून, शिलेदार असे सगळे गेले. झाशीच्या एका वेशीला अजून खंडेराव दरवाजा म्हणतात आणि लक्ष्मी तलावाच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ आहे. तेव्हा 'आमचे पूर्वज झाशीला होते' असे कुणी म्हटले तर पहिला प्रश्न 'कोणत्या मोहिमेत?' असा विचारू नये, 'कोणाबरोबर गेले?' असा विचारावा. माणूस बहुधा कुणाच्या तरी पदराला धरून गेलेला असतो, आणि त्या मोठ्या माणसाच्या कागदांत त्याचा उल्लेख मिळण्याची आशा त्याच्या स्वतःच्या कागदांपेक्षा जास्त असते.

आता तटाकडे येऊ. मार्च १८५८च्या तिसऱ्या आठवड्यात इंग्रज सेनापती ह्यू रोझने झाशीला वेढा घातला. १ एप्रिलला बेतव्याच्या काठी मदतीला आलेली तात्या टोपे यांची फौज मोडली, ३ तारखेला शहरावर हल्ला झाला, पुढच्या एकदोन दिवसांत सगळे संपले. हे सर्वांना माहीत असते. फारसे बोलले जात नाही ते असे, की हा रोझ मुंबई इलाख्याची फौज घेऊन आला होता. त्यात गोऱ्या पलटणी होत्या, हैदराबाद कंटिन्जंट होते, मद्रासचे सॅपर होते, आणि मुंबईच्या देशी पायदळाची २४वी आणि २५वी पलटणही होती. शिडी लावून आणि खिंडारातून तटावर चढलेल्यांत ८६व्या गोऱ्या पलटणीच्या बरोबरीने ही २५वी होती. मुंबईच्या देशी पलटणींत भरती कुठून होत असे? परदेशी म्हणजे उत्तरेकडचे लोक असत, बेने इस्रायल असत, आणि फार मोठ्या संख्येने कोकणातले मराठे आणि महार असत.

म्हणजे त्या दिवशी तटाच्या आत रत्नागिरीहून निघालेल्या घराण्याची सून होती, आणि बाहेरून शिडीवर पाय ठेवणाऱ्यांत रत्नागिरीचीच पोरे असणार. दोघांची शिवी एकच. आत ज्याला मारले त्याने मरताना जे म्हटले असेल ते मारणाऱ्याला कळले असेल. हा विचार मला पहिल्यांदा झाशीच्या तटावर उभे असताना सुचला आणि त्या दिवशी गाइड पुढे काय सांगत होता ते मी ऐकलेच नाही.

तटाचा आणि कागदाचा संबंध असा, की कागद बाहेरच्याचा आहे, आतल्याचा जवळजवळ नाही. पूर्वज शोधणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करावी. एका लढाईतला जो मराठी शिपाई कंपनी सरकारचा पगार घेत होता, त्याच्या नावाची हजेरी होती, पुढे पेन्शन होते, पदक होते. जो राणीचा रोजमुरा घेत होता त्याचा हजेरीपट जळाला, लुटला गेला किंवा ज्याच्या हाती होता त्याने जीव वाचवण्यासाठी स्वतःच विहिरीत टाकला. म्हणूनच घरातली गोष्ट आतल्या शिपायाची असते आणि शोधायला गेले की बाहेरचा शिपाई हाती लागतो. या पुस्तकातल्या एका लेखात असेच झाले आहे. 'पणजोबांच्या आजोबांना राणीने पदक दिले' अशी गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगणाऱ्या घरात ते पदक नीट पुसून पाहिले, तर एका बाजूला विक्टोरियाचे डोके, वर इंग्रजीत 'सेंट्रल इंडिया' अशी पट्टी. राणीनेच दिले म्हणायचे तर म्हणता येईल. लेखिकेने ही ओळ स्वतः हसत लिहिली आहे, म्हणून मीही इथे उचलली.

पण बाहेरच्या शिपायाचा कागद म्हणजे सरळ रस्ता, असेही समजू नये. गोऱ्या शिपायाचे कागद लंडनला जपून ठेवलेले आहेत. देशी शिपायाचे कागद मुख्यतः त्याच्या पलटणीकडे असत, आणि पलटणींचे नंबर बदलले, त्या एकमेकींत विलीन झाल्या, मोडल्या. २५वीच १९०३मध्ये १२५वी झाली आणि पुढे राजपुताना रायफल्समध्ये गेली. कोकणातल्या माणसाचे नाव राजपुताना नावाच्या पलटणीत शोधायचे कुणाला सुचणार? शिवाय नावे. इंग्रज कारकुनाने कानाने ऐकली तशी लिहिली. शिंदे सिंडिया झाले, सावंत सावंट झाले, आणि बहुतेक वेळा आडनाव लिहिलेच नाही, बापाचे नाव आणि गाव एवढेच. महार शिपायांची नावे मात्र एका खुणेने ओळखू येतात, ती म्हणजे शेवटचा 'नाक'. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर अशी २२ नावे आहेत. हा 'नाक' पुढच्या पिढ्यांनी सोडून दिला, त्यामुळे घरात रामजी म्हणून माहीत असलेला माणूस यादीत रामनाक म्हणून बसलेला असतो आणि नातवाला तो ओळखू येत नाही.

या फौजी महार घरांबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. पलटणीत मुलांना शाळा होती. शिपायाच्या पोराला अक्षर आले, आणि म्हणून त्याच्या घरात कागद जपण्याची सवय आली. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, महूला असताना भीमरावांचा जन्म झाला आणि निवृत्त झाल्यावर हे कुटुंब दापोलीला येऊन राहिले. दापोली हे त्या काळी फौजी पेन्शनरांचे गाव. लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात ते त्यामुळेच. माझा अनुभव असा, की वाड्यातल्या लोकांपेक्षा या घरांत पेन्शनची पावती, डिस्चार्जचा कागद, निदान पलटणीचा नंबर हमखास मिळतो. ज्यांच्या पूर्वजांना इतिहासात जागा मिळाली नाही असे आपण म्हणतो, त्यांच्याकडेच कागद निघतो, आणि ज्यांच्याकडे गोष्टींचा ढीग आहे त्यांच्याकडे तलवार.

मग तटाच्या आतल्या माणसाचे काय? ह्यू रोझने आतल्या फौजेचा अंदाज लिहून ठेवला आहे: बुंदेले आणि विलायती मिळून दहा हजार, शिवाय दीड हजार शिपाई. मराठ्यांचा रकाना नाही. इथे एका शब्दावर थांबायला हवे, कारण त्यावर मी भल्याभल्यांना घसरलेले पाहिले आहे. आपल्याला विलायत म्हटले की इंग्लंड आठवते. त्या काळच्या कागदात विलायती म्हणजे अफगाण, पठाण. 'विलायत्यांनी शेवटपर्यंत दरवाजा लढवला' हे वाक्य वाचून एकाने मला फोनवर विचारले होते की राणीच्या बाजूने गोरे कसे लढले.

आतल्या माणसाचा मराठीतला सर्वांत मोठा कागद एका भिक्षुकाचा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून १८५७मध्ये काका रामभटांबरोबर ते उत्तरेत निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, अशी खबर होती. मिळाले बंड. वेढ्याच्या वेळी ते झाशीत होते, आणि त्यांनी शहर पडताना, जळताना आणि दिवसामागून दिवस लुटले जाताना पाहिले. पुढे घरी परतल्यावर कितीतरी वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सगळे मोडीत लिहून काढले. ते वैद्यांनी 'माझा प्रवास' म्हणून १९०७मध्ये छापले, पण भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवून. मूळ लिखाणाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये काढली. पूर्वज शोधणाऱ्याने ही दुसरी वाचावी. पहिली वाचायला गोड आहे, पण पूर्वज गोडव्यात सापडत नाहीत, खाचाखोचांत सापडतात.

गोडसे भटजी शिपाई नव्हते, आणि हाच त्यांचा उपयोग. लढणारा माणूस आपण किती मारले ते सांगतो. भटजी कोण कुठे जेवले, पाणी कुठून आणले, कुणाच्या वाड्यात लपले, कुणाची अंत्यविधीची सोय झाली आणि कुणाची नाही ते सांगतात. इंग्रज सैनिकांच्या रोजनिश्या शेजारी ठेवून वाचले तर एकच गल्ली दोन्ही बाजूंनी दिसते. एका बाजूला तिच्यातून 'शत्रू हाकलला', दुसऱ्या बाजूला तिच्यात एक घर आहे आणि घरात माणसे आहेत. दुसरा आधार दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या १८९४च्या राणीचरित्राचा. ते लिहिले गेले तेव्हा राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव हयात होते. ज्यांनी त्या दिवसांत झाशी पाहिली होती अशी माणसे पारसनिसांना अजून भेटू शकत होती. आपल्याला ती सोय नाही.

दामोदररावांवरून आणखी एक अडचण ध्यानात येते, ती दत्तकाची. राणीचे पती गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ला गेले, त्याच्या आदल्या दिवशी दत्तविधान झाले. त्या दिवसापर्यंत हा मुलगा वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव होता, दुसऱ्या दिवशी गंगाधररावांचा दामोदरराव. पुढे ते इंदूरला राहिले, आणि घराण्याला लोक झाशीवाले म्हणू लागले. एक माणूस, दोन नावे, दोन बाप, दोन आडनावे, आणि तेही सगळे खरे. राजघराण्यातले म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. साध्या शिलेदाराच्या घरात असे झाले असेल तर वंशावळीत एक माणूस अचानक नाहीसा होतो आणि दुसरा कुठून तरी आल्यासारखा उगवतो. राणीचे वडील मोरोपंत तांबे यांच्या नावाचेही तसेच. एप्रिल १८५८मध्ये झाशीतच त्यांना फाशी दिले. पण इंग्रजी कागदांत मोरोपंत शोधायला जाल तर हाती काही लागेलच असे नाही, कारण तिथे ते 'मामासाहेब' आहेत. लोक त्यांना ज्या नात्याने हाक मारत तेच कारकुनाने नाव म्हणून लिहिले. भाऊसाहेब, काकासाहेब, बाळासाहेब हे इंग्रजी कागदांत शेकड्याने सापडतात. ते कुणाचे भाऊ आणि कुणाचे काका, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

आता मी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या कागदाकडे येतो, आणि तो कागद नाहीच. भाद्रपद वद्य पक्षात प्रत्येक घरी पितरांचा दिवस असतो. ज्याचा ज्या तिथीला अंत झाला त्या तिथीला. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला. पण पंचांगात चतुर्दशीपुढे वेगळे लिहिलेले असते: शस्त्रादिहत पितरांचे श्राद्ध. जो शस्त्राने मेला, त्याचा अंत कुठल्याही तिथीला झालेला असला तरी त्याचे पान पक्षात या चतुर्दशीला. आता समजा तुमच्या घरी कुणाचे ते आठवत नसलेले एक श्राद्ध चतुर्दशीला होत आले आहे, आणि 'आपल्यात असेच करतात' एवढेच कारण सांगतात. त्या घरात बहुधा कुणीतरी हत्याराने मेला होता. नाव गेले, गाव गेले, लढाई गेली, तिथी तेवढी उरली. या पुस्तकात दोन शोध याच धाग्यावरून सुरू झाले आहेत. दोन्ही घरांत ती तिथी स्वयंपाकघरातल्या बायकांनी सांगितली. त्या दिवशी खीर आणि वडे करायचे त्यांच्या लक्षात होते.

कुठे अंताची तिथीच लिहिलेली मिळाली, तर तिच्यावरून तारीख काढताना मात्र जपून. आपला महिना अमावास्येला संपतो, बुंदेलखंडातला पौर्णिमेला. झाशी पडली ती आपल्या हिशेबाने चैत्र वद्यात, तिथल्या हिशेबाने वैशाख वद्यात. एकाच माणसाचा अंत एका वहीत चैत्रात आणि दुसरीत वैशाखात लिहिलेला असेल तर दोन माणसे समजू नका. शिवाय त्या वर्षी, शके १७८० मध्ये, ज्येष्ठ अधिक होता. राणीसाहेब ग्वाल्हेरला पडल्या तो निज ज्येष्ठ. ज्याने नुसते 'ज्येष्ठ शुद्ध' लिहून ठेवले त्याने आपल्याला एक महिन्याच्या गोंधळात टाकले आहे.

तिथीनंतर क्षेत्रोपाध्यांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबक, प्रयाग, काशी, गया. जो कुणी गेला त्याने आपल्या हाताने, किंवा अक्षर नसेल तर दुसऱ्याकडून, गाव, बाप, आजा, भाऊ, मुले लिहून ठेवली आहेत. यातली गंमत अशी, की वही गावावरून शोधायची असते, आडनावावरून नव्हे. ज्यांनी आपले मूळ गाव विसरून 'झाशीवाले' एवढेच जपले, त्यांच्यापुढे उपाध्याय हात जोडतात. झाशीहून गयेला गेलेला माणूस स्वतःला झाशीचा म्हणवत नसे. तो कोकणातल्या किंवा देशावरच्या मूळ गावाचेच नाव लिही, तिकडे त्याला चौथी पिढी झाली असली तरी. तेव्हा आधी गाव शोधा.

पेशवे दफ्तर, मोडी, इनाम कमिशन याबद्दल पुढच्या लेखांत पुष्कळ आहे, मी पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगतो, की १८५२च्या कायद्यानंतर इनामदारांनी ज्या कैफियती दाखल केल्या, त्यांत वंशावळ असते आणि पूर्वजाच्या पराक्रमाचा परिच्छेदही असतो. वंशावळ शक्यतो खरी माना. पराक्रमाबाबत थोडा विचार करा; त्या परिच्छेदावर माणसाचे इनाम टिकणार होते.

आणि ज्यांचा शिपाई १९१४नंतरचा आहे त्यांनी झाशीची चिंता करू नये, त्यांचा रस्ता मोकळा आहे. १०३वी, ११०वी, ११७वी या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ला त्या शरण गेल्या. सातारा-रत्नागिरीकडच्या किती गावांत चावडीवर नाहीतर शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके आले नाहीत. साताऱ्याच्या आपशिंग्याचा आकडा ४६ आहे. पाटीवर आकडा असतो, नाव नसते. नाव हवे तर बेळगावला मराठा सेंटरकडे विचारा, आणि महार रेजिमेंटचा शिपाई असेल तर बुंदेलखंडातल्याच सागरला.

झाशीच्या किल्ल्यात एक कबर आहे. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई. आतल्या बाजूने लढून मेलेल्यांत ज्यांचे नाव आणि जागा दोन्ही दाखवता येतात अशी ही माणसे. तिथे उभे राहिलेल्या एका मराठी कुटुंबातल्या मुलाने बापाला विचारले, "आपल्या आजोबांची कुठे आहे?" बाप म्हणाला, "आपल्यात कबर नसते." मुलगा म्हणाला, "मग काय असते?" बापाने उत्तर दिले नाही, आणि मला मध्ये बोलण्याचा काही अधिकार नव्हता. नाहीतर त्याला सांगितले असते, की घरी गेल्यावर आजीला विचार, आपल्याकडे चतुर्दशीला कुणाचे पान वाढतात.